देवाचा रकाना

सशर्त मंजुरी म्हणजे नेमकं काय, हे मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. मंजुरी आहे तर अटी कशाला, आणि अटी आहेत तर मंजुरी कसली? मे महिन्यात ते पत्र आलं तेव्हा मी पेढे आणले, संध्याकाळी चौदा अटी वाचल्या आणि उरलेले पेढे फ्रिजमध्ये ठेवून दिले.

धंदा आमचा साधा. हैदराबादेत कुकटपल्लीला दोन खोल्यांचा कारखाना, आयुर्वेदिक तेलं आणि चूर्णं. मालकीण मी, माधवी. आम्हाला नवीन काढायचं होतं ते सांधेदुखीचं तेल, आणि त्यात पडते विजया. विजया म्हणजे भांगेचं पान. त्याला वेगळा परवाना लागतो, आणि त्याच्या मागे लागल्यापासून नल्लकुंट्यात, म्हणजे आम्ही राहतो तिथं, आमची अब्रू गेली ती गेलीच. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात विचारलं, "क्या माधवी, गांजे की दुकान डाल रहे बोलते?" मी अर्धा तास समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या बिल्डिंगला तेच सांगितलं.

तेलाची कृती माझ्या सासऱ्यांची, केशवरावांची. देगलूरकडचं शेतकरी घर, पण हे वैद्यकी शिकले, नोंदणी केली आणि चाळीस वर्षं चिक्कडपल्लीच्या एका औषधांच्या दुकानात मागच्या खोलीत खलात औषधं घोटत बसले. औषध यांचं, बाटलीवर नाव मालकाचं. आता त्यांना एक्क्याऐंशी संपलंय. आमच्या अर्जात 'तांत्रिक व्यक्ती' म्हणून त्यांचं नाव होतं, आणि पूर्ण परवाना मिळाला की ते बाटलीवर छापायचं होतं. लेबलाचा नमुना ते उशाखाली ठेवत. रोज सकाळी एकच प्रश्न, "आलं का गं पत्र?" खरं सांगते, सुरुवातीला मला परवाना धंद्यासाठी हवा होता. नंतर नंतर तो मला त्या लेबलासाठीच हवा होता.

आता अटी ऐका. अट पाच: चाचणीचे तीन घाणे काढून तपासणीचा अहवाल जोडावा. अट नऊ: पूर्ण परवान्याआधी उत्पादन करू नये. मी औषध खात्यात जाऊन विचारलं, घाणे काढू की नको? तिथला कारकून शांतपणे म्हणाला, "बॅच निकालो मॅडम, लेकिन प्रोडक्शन नक्को करो." मी घरी येईपर्यंत त्या वाक्याचा अर्थ लावत होते. शेवटी चाचणीपुरतं दोन किलो पान परराज्यातून सरकारी सहीशिक्क्यानं आलं. ते ठेवायचं कपाट दोन कुलपांचं, किल्ल्या दोघांकडे. एक माझ्या पर्समध्ये, दुसरी मामंजींनी कमरेच्या करदोऱ्याला बांधली. माझी मुलगी निशिगंधा, नुकतीच आयुर्वेदाची डॉक्टर झालेली, हसून म्हणाली, "आबा, कीचेन देऊ का?" त्यांनी गाठ आणखी घट्ट केली.

तीन घाण्यांना अठराशे ग्रॅम गेलं. दोनशे उरायला हवं होतं. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी मी वजन केलं तर एकशे एकोणनव्वद. चार वेळा केलं. काटा पुसून पुन्हा केलं. अकरा ग्रॅम कुठे गेलं? अटी पुऱ्या करायची मुदत महिनाअखेरपर्यंत होती, आणि ती चुकली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. एक्क्याऐंशीच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून म्हणजे काय, ते मी मनातसुद्धा बोलले नाही. आमच्या सल्लागाराला फोन केला. तो म्हणाला, "वाळून घट लिहा, सगळे लिहितात." मी लिहिलं.

इन्स्पेक्टर श्रीलता मॅडम तरुण, कमी बोलणाऱ्या. कारखान्यात आल्या आल्या त्यांनी वजन केलं, नोंदवही पाहिली, 'वाळून घट'वर बोट टेकवलं आणि पुढे गेल्या. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी वही सहीसाठी मामंजींपुढे सरकवली.

मामंजी काहीही वाचल्याशिवाय सही करत नाहीत, हे मला कसं आठवलं नाही?

"हे कुणी लिहिलं?" त्यांनी मला विचारलं. मी काटा पुसायला लागले. तेव्हा ते मॅडमकडे वळले. "सूखी नै अम्मा. मैं लिया. देव कू दिया."

"कौनसे देव कू?" मॅडमनी विचारलं.

धन्वंतरीला. नवं औषध आलं की पहिलं माप धन्वंतरीचं, धनत्रयोदशीला वाटीत ठेवायचं आणि वर्षभर हलवायचं नाही. चिक्कडपल्लीच्या मागच्या खोलीतही त्यांनी हेच केलेलं. यंदाच्या धनत्रयोदशीला कुलपं आम्ही दोघांनी उघडली होती, आणि मी फोन घेऊन बाहेर गेले होते. त्यांनी काही लपवलं नव्हतं. माझ्या देवघरात ती वाटी समोरच होती आणि मी रोज तिच्यावर हळदकुंकू वाहत होते.

"मैं घर से लेके आऊं?" मदतीला आलेल्या निशिगंधानं विचारलं.

मॅडमनी हात वर करून तिला थांबवलं. वाटी आणली तर विनापरवाना वाहतूक, तिथंच ठेवली तर विनापरवाना साठा. शेवटी त्या स्वतःच काटा नि वही घेऊन नल्लकुंट्याला आल्या. चपला काढल्या, हात धुतले, देवापुढे बसून वाटीतलं पान तोललं. कुंकवासकट अकरा ग्रॅम. त्यांनी ते पाकिटात सील केलं आणि विचारलं, "अब ये एंट्री कौनसे कॉलम में डालना?" मामंजींनी 'वाळून घट' एका रेघेनं खोडलं, वर लिहिलं, 'धन्वंतरीस अर्पण, ११ ग्रॅम', आणि खाली सही केली.

त्या आठवड्यात मी त्यांच्याशी धड बोलले नाही. मला राग आला होता, आणि तो त्यांच्यावर की माझ्यावर, हेच कळत नव्हतं.

मुदत संपायला दोन दिवस असताना पत्र आलं. पूर्ण परवाना मंजूर. मी ओरडणारच होते, पण खाली आणखी दोन ओळी होत्या. एक: यापुढे धार्मिक कारणासाठी काढलेलं पान कारखान्यातच ठेवून त्याची स्वतंत्र रकान्यात नोंद करावी. दुसरी: साठा आवाराबाहेर नेल्यामुळे केशवरावांचं नाव तांत्रिक व्यक्ती म्हणून ग्राह्य धरता येत नाही. त्यांच्या जागी डॉक्टर निशिगंधा.

मला समजेना. देवाला रकाना दिला, आणि देवाला देणाऱ्याला काढलं. हे जिंकणं की हरणं? पेढे आणायचे की नाही?

"वाच की," मामंजी म्हणाले. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसरीला मी पत्र पुढे केलं. ती निशिगंधानं वाचली.

ते सदरा वर करून करदोऱ्याची गाठ सोडायला लागले. सहा महिन्यांची गाठ, सुटता सुटेना. मी कात्री पुढे केली. त्यांनी मान हलवली. पाच मिनिटं लागली. मी म्हणाले, "मामंजी, 'वाळून घट' तसंच राहू दिलं असतं तर तुमचं नाव राहिलं असतं."

"राहिलं असतं," ते म्हणाले.

किल्ली त्यांनी निशिगंधाच्या हातात ठेवली. उशाखालून लेबल काढलं, चष्मा लावून एकदा वाचलं, घडी घालून खिशात टाकलं. मग तिला म्हणाले, "पहिलं माप देवाचं काढायचं. आणि काढलं की लगेच लिहायचं. तुझ्या आईला लिहू देऊ नको."