मलिबाई तासभर काय बोलल्या

माझ्या मुलीच्या अंत्यविधीला तिच्या सासूबाई माझा हात धरून तासभर बोलत होत्या. बँकॉकपासून जवळच त्यांचं गाव. तिथल्या बौद्ध देवळाच्या ओसरीवर प्लास्टिकच्या खुर्च्यांत आम्ही दोघी बसलो होतो. त्या बोलायच्या, थांबायच्या, नाक पुसायच्या, पुन्हा बोलायला लागायच्या. हॉस्पिटलात मधूजवळ शेवटी त्याच होत्या. आम्ही राहुरीहून निघून, मुंबईला विमान पकडून तिथे पोचेपर्यंत ती गेली होती. म्हणजे मधूचं शेवटचं जे काही होतं, ते या बाईंपाशी होतं. आणि त्या ते मला देत होत्या, आणि मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

जावई शेजारीच उभा होता. नोप त्याचं नाव. आईचं बोलून झाल्यावर त्याने ह्यांना इंग्रजीत सांगितलं, ह्यांनी मला मराठीत सांगितलं, "त्या म्हणतायत, ती शांतपणे गेली."

तासभराच्या बोलण्याचं एक वाक्य. चहा गाळताना गाळण्यात इतकं काही मागे राहत नाही.

मधुवंती आमची एकुलती एक. इथल्या कृषी विद्यापीठात शिकली, मग लिंबूवर्गातल्या फळांवर संशोधन करायला थायलंडला गेली आणि पपनसाची बाग असलेल्या घरातल्या मुलाशी लग्न ठरवूनच फोन केला. लग्न राहुरीत झालं. विहीणबाईंनी नऊवारीकडे बोट दाखवलं म्हणून मी त्यांना माझी नेसवली, तर त्या दिवसभर ती सोडायला तयार होईनात. त्यांचं नाव मलि. मलि म्हणजे मोगरा, असं मधूने सांगितलं. मी आपली मलिबाई म्हणू लागले. पुढे तीन वर्षं होतायत न होतायत तोच मधू डेंग्यूने गेली. डेंग्यू काय, तो राहुरीतही मिळतो. त्यासाठी इतक्या लांब जायला नको होतं.

परत आल्यावर मी ह्यांना म्हटलं, नोपला पुन्हा विचारा ना, आई नेमकं काय म्हणाली. हे म्हणाले, "शोभा, त्याची बायको गेलीय. त्याला किती छळायचं?" ते बरोबरच होतं. पण मला तो तास हवा होता. सगळाच्या सगळा, नाक पुसण्यासकट. त्यासाठी एकच वाट होती. मलिबाई मराठी शिकणार नव्हत्या, तेव्हा मीच थाई शिकायचं ठरवलं.

मधूने तिथे गेल्यावर भाषा नुसती ऐकून उचलली होती. तेव्हा फोनवर सांगायची, "आई, शिकवणारे चित्रं काढतात आणि बोलत राहतात. आपण बोलायचं नाही, लिहायचं नाही, मराठीत अर्थ शोधायचा नाही. फक्त ऐकायचं. तान्हं बाळ ऐकतं ना, तसं." तेच व्हिडिओ मी मोबाईलवर शोधून काढले. माझं शिक्षण दहावी, बाकी सगळं वाचनालयाच्या कपाटातून. पण ही पद्धत मला अवघड नव्हती. तोंड मिटून, अर्थ न विचारता सगळ्यांचं ऐकत राहायचं, हा अभ्यासक्रम मी सासरी आले तेव्हाच पुरा केला होता.

सुरुवातीला नुसता सूर ऐकू यायचा. शब्द कुठे संपतो, पुढचा कुठे सुरू होतो, पत्ता नाही. ऊस कारखान्याला जाण्याचा हंगाम, रस्त्यावरून दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून जायचे, आणि त्या गदारोळात मोबाईलमधली एक मुलगी फळ्यावर कुत्रा काढून मला काहीबाही समजावायची. हे पेपरमागून म्हणायचे, "कळतंय का काही?" मी म्हणायची, "कुत्रा आहे." ते म्हणायचे, "ते मलाही दिसतंय."

लंकाबाई दूध घालायला यायची. तिच्या दोन गाई आणि जगाची चौकशी. ती मापटं हातात तसंच धरून ऐकत उभी राहायची.

"वैनी, ह्ये कोन बोलतंय?"

"शिकवतायत. मधूच्या सासरची भाषा."

"आवं पन आता काय करायचीय ती? पोरगी गेली, नातं गेलं. नातवंड बी न्हाई मधी."

"त्यांच्याशी बोलायचंय."

"व्याहीनीसंगं? आमच्या व्याहीनीची भाषा आमाला जलमापासून येती, तरी आमी बोलत न्हाई." मग दूध ओतता ओतता जरा आवाज उतरवून म्हणाली, "पोरीला तिकडं नीट ठिवलं हुतं का, त्ये इचारायचं आसंल."

मी दुधावर ताट झाकलं.

नातं गेलं असं मलिबाईंना मात्र कोणी सांगितलेलं नसावं. दर रविवारी दुपारी त्यांचा व्हिडिओ कॉल यायचाच. आम्ही एकमेकींना वस्तू दाखवायचो. त्या झाडावरचं पपनस, मी परातीतलं थालीपीठ. त्या मांजर, मी तुळस. मग त्या काहीतरी बोलायच्या, मी हसून मान हलवायची. कॉल बंद करण्याआधी त्या एक वाक्य हमखास म्हणायच्या, आणि मी त्यालाही मान हलवायची. हे म्हणायचे, "जपून. एखाद्या रविवारी आपलं घर त्यांच्या नावावर करून बसशील."

उन्हाळ्यात थोडं उजाडायला लागलं. आधी वस्तू सुट्या झाल्या, घर, पाणी, मासा, पाऊस. मग आपलेच शब्द वेश बदलून फिरताना सापडू लागले. भाषेला फासा म्हणतात, गुरूला ख्रू, रोगाला रोक. परक्या गावच्या बाजारात माहेरची माणसं भेटावीत तसं वाटायचं. मग एके दिवशी व्हिडिओतले मास्तर आपल्या आजीच्या कंजूषपणाची गोष्ट सांगत होते आणि मी फस्सकन हसले. चित्र न बघता हसले, मी तेव्हा पोळ्या लाटत होते. मधू गेल्यापासून घरात कोणी हसलं नव्हतं. हे बाहेरून धावत आले. "काय झालं? काय झालं?" मला सांगताच येईना. हसण्याचं कधी रडणं झालं ते कळलं नाही. तव्यावरची पोळी जळाली.

पावसाळा सरता सरता मलिबाईंचं ते शेवटचं वाक्य मला कळलं. त्या म्हणत होत्या, "दमला असाल, तर मी फोन नाही करणार पुढच्या रविवारी. करू ना?" इतके महिने दर आठवड्याला त्या परवानगी मागत होत्या, आणि मी न समजता देत होते.

समजण्याला त्यांच्याकडे 'खाव जाय' म्हणतात. मनात शिरणे. माझ्या मनात आता बरंच शिरायला लागलं होतं, पण तोंडातून काही निघत नव्हतं. मधू म्हणायची, घाई करायची नाही, ते आपोआप येतं. दिवाळीनंतरच्या एका रविवारी आलं. मलिबाईंनी पडद्यावर पपनस धरलं आणि मी म्हटलं, "यंदा बारीक आहेत. पाऊस कमी झाला का?"

फोन त्यांच्या हातून पडला. मला छताचा पंखा फिरताना दिसत होता आणि त्यांचं रडणं ऐकू येत होतं. मग त्यांनी फोन उचलला आणि नाक ओढत म्हणाल्या, "कमी नाही. जास्त झाला. फूल गळलं."

त्यानंतर आम्ही खरंखुरं बोलायला लागलो. मी चुकायची, त्या सुधारायच्या नाहीत, बरोबर करून परत म्हणायच्या. नोपची नोकरी, त्यांचे गुडघे, माझे गुडघे. गुडघ्यांवर आमचे दोन रविवार गेले. पण तो तास मी विचारत नव्हते. हे एकदा म्हणाले, "अगं, ज्यासाठी एवढं शिकलीस ते विचार की." मला विचारवत नव्हतं. विचारेपर्यंत तो तास भरलेला होता. त्यात काहीही असू शकत होतं. आईला सांगा अमुक. बाबांना सांगा तमुक.

परवाच्या रविवारी विचारलं. हे पलंगावर बसले होते, फोनमध्ये दिसणार नाहीत असे, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. मी मलिबाईंना म्हटलं, "देवळात त्या दिवशी तुम्ही मला खूप सांगितलंत. मला तेव्हा काहीच कळलं नाही. आता पुन्हा सांगाल? सावकाश."

त्या पडद्याजवळ सरकल्या.

"काहीच नाही कळलं?"

"काहीच नाही."

त्यांनी फोन टेबलाला टेकवून उभा केला आणि सांगायला लागल्या. ताप उतरला तेव्हा सगळ्यांना वाटलं, सुटलो. तर नंतरच बिघडलं. नोप रक्ताची सोय बघायला गेला होता. खोलीत त्या दोघीच. मधू थाई इतकं छान बोलायची की बाजारात लोक वळून बघायचे. त्या दिवशी तिचं थाई निघून गेलं. इंग्रजीही गेलं. "तुमच्या भाषेत बोलायला लागली. खूप बोलली. मी म्हटलं, लेकी, थाईत सांग, मला कळत नाही गं. ती माझ्याकडे बघायची आणि पुन्हा तुमच्याच भाषेत. मी हो हो म्हणत राहिले. काय करणार? तिचा हात धरला आणि हो म्हणत राहिले."

मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"तेच तुम्हाला सांगत होते तासभर," त्या म्हणाल्या. "की तुमची मुलगी शेवटी एवढं बोलली आणि ऐकायला मी मूर्ख बाई होते. त्यातलं एक अक्षर मला तुमच्यापर्यंत आणता आलं नाही. मला माफ करा, माफ करा, हेच म्हणत होते. तुम्ही मान हलवलीत. माझ्या पाठीवरून हात फिरवलात. मला वाटलं, तुम्ही माफ केलंत. त्याच्यावर मी दिवस काढले."

मान हलवल्याचं मला आठवतसुद्धा नव्हतं.

तेव्हा माझ्या डोक्यात एक वाक्य उभं राहिलं. फोन होता ना तुमच्याजवळ, चालू करून ठेवायचा होता, मी ऐकलं असतं! पुरं वाक्य, वर-खाली सगळे सूर बरोबर, थाईत. मराठीतून उचलून नेलं नव्हतं, शब्द जुळवले नव्हते, ते तसंच आलं. मधू म्हणायची ती पायरी हीच असणार, भाषा आपोआप येते ती. माझी ती अशी आली. आणि ते वाक्य जिभेच्या टोकाशी थांबलेलं असताना समोर मलिबाई ब्लाऊजच्या बाहीने डोळे पुसत होत्या आणि मी काय म्हणते याची वाट बघत होत्या.

मी विचारलं, "कशी बोलत होती? घाबरून?"

"नाही नाही. घाबरून नाही." त्यांनी आठवून बघितलं. "घरात कोणाशी तरी बोलावं तशी. मधेच थांबायची. पलीकडून कोणी बोलतंय आणि ही ऐकतेय, अशी. मग पुन्हा सुरू. एकदा जरा वैतागली. एकदा हसली."

"हसली?"

"थोडं. नाकातून."

नाकातून हसायची ती. म्हणजे खरंच हसली होती.

मी त्यांना म्हटलं, "तुम्ही हात धरला होतात. मला धरायला मिळाला नाही. बरं झालं तुम्ही होतात." हे मी चुकतमाकत म्हटलं, एक शब्द मागेपुढे झाला, पण त्यांना कळलं. त्या हात जोडून, मान खाली घालून बसून राहिल्या. कॉल संपवताना त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. धीर झाला नसावा. म्हणून मीच म्हटलं, "पुढच्या रविवारी करा फोन. वाट बघते."

फोन ठेवला तरी मी तिकडेच तोंड करून बसले होते. मागून ह्यांचा आवाज आला.

"सांगितलं?"

"हो."

"काय म्हणाली मधू?"

त्या क्षणी मला नोप कळला. आई एवढं रडून सांगतेय आणि समोर दोन म्हातारी माणसं तोंडाकडे बघतायत. काय सांगणार तो पोरगा? मीही आता काहीही सांगू शकत होते. बाबांना जपायला सांगितलंय. बाबांची आठवण काढली. पडताळून बघायला या घरात कोणाला थाई येतं?

"शेवटी मराठीत बोलत होती," मी म्हटलं. "खूप बोलली. त्यांना काही कळलं नाही."

हे म्हणाले, "म्हणजे आपल्याशीच बोलत होती."

"हो. मधे थांबत होती म्हणे. पलीकडून कोणी बोलल्यासारखी."

"आणि आपण कुठे होतो तेव्हा?"

"मुंबईच्या वाटेवर. आळेफाट्याच्या आसपास असू."

त्यांनी चष्मा काढला, पंच्याने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसले. बाहेर लंकाबाई फाटक वाजवत होती, "वैनी, दूध!" दोघांनीही उठायचं नाव घेतलं नाही. तिने दोन हाका मारल्या, मग भांडं पायरीवर ठेवल्याचा आवाज आला.

"पुढच्या रविवारी मीही बसतो फोनसमोर," हे म्हणाले. "मला बोलता येणार नाही. नुसता बसतो."