घड्याळवाल्याच्या पाळ्या

इस्त्रीवालीच्या लेकीला पहिली मुलगी झाली, त्या वर्षाची ही गोष्ट. लेक परगावी, बाळंतीण अशक्त, सासरी करणारं कोणी नाही. "आई, महिनाभर तरी ये," असा रोज फोन. पण इस्त्रीवालीचा पाय घड्याळवाल्याच्या जिन्यात अडकला होता.

घड्याळवाला तिघांचं देणं लागत होता: तिचं, सुताराचं आणि दूधवाल्याचं. त्यात त्याचं उजवं अंग लुळं पडलं. मागे-पुढे कोणी नाही. हा मेला तर पैसे बुडाले, म्हणून तिघांनी त्याला जगवायच्या पाळ्या लावल्या. हात सुधारला की दुकान उघडेल, एवढ्याच आशेवर. सकाळी दूधवाला दूध तापवी, दुपारी इस्त्रीवाली जेवण आणि औषध देई, संध्याकाळी सुतार अंग पुसून कूस बदलून देई.

घेणेकरी तीन मजले चढून धापा टाकत. देणेकरी उशीला टेकून म्हणे, "ताई, भाजी आज अळणी आहे."

"तुमच्या व्याजात एवढंच मीठ बसतं."

एके दिवशी जावयाचा फोन आला. लेकीला ताप होता, तिला बोलवत नव्हतं. इस्त्रीवालीने सुताराला गाठलं.

"खुशाल जा," सुतार म्हणाला. "पण दुपारची पाळी मला जमायची नाही. मी दुकान बंद ठेवलं तर घरी काय खिळे शिजवायचे?"

मग ती जिना चढली आणि उभ्या उभ्याच बोलली. "भाऊ, तुमचं-माझं मिटलं. पैसे सोडले मी. मला लेकीकडे जायचंय."

घड्याळवाल्याचा चेहरा उतरला. "सोडले म्हणजे? मी काय भीक मागितली?"

"भीक कोण म्हणतंय? लेक तापाने फणफणलीय माझी."

"आज तुम्ही सोडलेत, उद्या सुतार सोडेल, परवा दूधवाला. मग हा जिना कोण चढणार, ताई? देणं आहे म्हणून दार वाजतं माझं." त्याने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. "आठ दिवस थांबा. तोवर कोणीतरी बघतो."

हात सोडवणं अवघड नव्हतं. पण औषधाची वेळ झाली होती आणि बाटलीचं झाकण त्याला एका हाताने उघडत नसे. ते तिने उघडलं. खाली येऊन लेकीच्या घरी फोन लावला आणि आठ दिवसांनी येते म्हणून सांगितलं.

लेक सहाव्या दिवशी, मार्चच्या एकोणीस तारखेला पहाटे, दवाखान्यात वारली. घड्याळवाला त्यानंतर चार वर्षं जगला.