आबांचा लाल ठिपका

खरं सांगतो मित्रांनो, हे मी लिहिणारच नव्हतो. माईकने लिहिलं की लोक म्हणणार, बघा, स्वतःला वाचवतोय. कारण मागच्या वर्षी सगळा दोष माझ्यावरच आला होता. पण किती दिवस मनात ठेवणार यार? सांगूनच टाकतो.

मी एक जुना माईक आहे. जाळीला पोचा, वायरला तीन ठिकाणी काळी पट्टी. मागच्या वर्षापर्यंत चारकोपच्या एका सोसायटीत नलिनीताईंच्या माळ्यावर राहायचो. कारखान्यातलं मला काही आठवत नाही. माझं आयुष्य सुरू झालं ते सोसायटीच्या सत्यनारायणाला.

आमच्याकडे बरेचसे लोक कोकणातले. पूजेला गाऱ्हाणं घालतात. म्हणजे एक मोठा माणूस सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे ओरडतात, "व्हय म्हाराजा!" हा मान अनंतआबांचा. गिरणीत मागांच्या खडखडाटात बोलून बोलून आवाज असा झालेला, की पहिल्या वर्षी माझी जाळी थरथरली.

"बा देवा म्हाराजा! टाकीत पाणी वेळेर येऊं दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जो कोण गेटात स्कूटर आडवी लावता, तेका सुबुद्धी दे रे म्हाराजा!"

याला सगळ्यात मोठा "व्हय म्हाराजा!" स्कूटरवाले माणिककाका पण ओरडायचे. झकास दिवस होते. गाऱ्हाणं संपलं की आबा माझ्या डोक्यावर टिचकी मारायचे. "शाबास, दोस्ता."

आवाजाचं मशीन सांभाळायच्या नलिनीताई. आबांच्या आवाजाने स्पीकरचा बॉक्स फाटू नये म्हणून त्यांनी व्हॉल्यूमच्या बटणाशेजारी नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. चारवर. "हा आबांचा. याच्यापुढे कुणी फिरवायचं नाही."

मग मधली दोन वर्षं पूजाच झाली नाही. तिसऱ्या वर्षी मागून ओरड आली, "ऐकू येत नाय!" ताईंनी बटण सहावर नेलं, गुलाबी ठिपका लावला. पुढच्या वर्षी साडेसात, मरून ठिपका. कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही. उलट मी खूश, माझी ताकद वाढवतायत म्हणून. खरं तर आबांच्या तोंडाला सगळ्यात जवळ मी. आवाज हलका झालाय, सपाट झालाय, सगळं मला कळत होतं. गप्प बसलो.

मागच्या वर्षी बटण नऊवर गेलं आणि मी शिट्टी मारली. कानठळ्या बसवणारी. लोक हसले. आबा तोंड पाडून म्हणाले, "माईक गेलो तो. फेकून देवा."

वाट लागली माझी. बिस्किटांच्या डब्यात, सुतळीबरोबर. आठवडाभरात नवा बिनवायरचा माईक आला. हॉलमध्ये ट्रायलला आबांनाच बोलावलं. नवीन, चकाचक. आणि त्यानेही नऊवर शिट्टी मारली!

आबांची नात ऋता तिथेच होती. ती बोलण्याच्या त्रासावरचे उपचार शिकतेय. तिने मशीनवरचे ठिपके बघितले.

"ताई, ही काय रांगोळी?"

"अगं, आबांचे ठिपके. दर वर्षी नवीन लावावा लागतो."

ऋताने एकेका ठिपक्यावर बोट ठेवलं. मला मशीनशेजारच्या डब्यातून काढलं, जोडलं, बटण लाल ठिपक्यावर आणलं. "हॅलो, हॅलो." मागच्या भिंतीपर्यंत स्वच्छ. मग मला आबांच्या हातात दिलं.

"आजोबा, आता तू. जोरात हां."

आबांचे ओठ हलले. हॉलला काहीच ऐकू आलं नाही.

"अजून जोरात!"

"मी वरडतंय मां गो!" आबा म्हणाले. ते फक्त मला ऐकू आलं. आणि तेव्हा मला खरी भीती वाटली. माणसाला वाटतंय आपण ओरडतोय, आणि बाहेर नुसती कुजबुज.

आबा डॉक्टरकडे जायला तयार नव्हते. "उद्या म्हणशात गाऱ्हाणा दुसऱ्याक देवा!" भीती ही होती. ऋता म्हणाली, "गाऱ्हाणं तुझंच राहावं म्हणून चल ना रे."

बोरिवलीच्या मेंदूच्या डॉक्टरांनी आबांना चालायला लावलं, बोटं उघडमिट करायला लावली, सही करून घेतली. सही मुंगीएवढी. म्हणाले, नुसत्या आवाजावरून आजार ठरत नाही, पण आवाजामुळे तुम्ही लवकर आलात. पार्किन्सनची सुरुवात होती. गोळ्या दिल्या, आणि रोज मोठ्याने बोलायचा व्यायाम.

तो व्यायाम म्हणजे माझी चैन! रोज सकाळी आबा मला वायर न जोडताच हातात धरतात. आधी लांबलचक "आऽऽऽ", मग गाऱ्हाणं. खालून माणिककाका ओरडतात, "आबा, स्कूटर काढली हो! आता तरी सोडा!"

यंदाच्या पूजेला नवा माईक कपाटात आणि मी आबांच्या हातात. बटण सहावर थांबलं. नलिनीताईंनी गुलाबीच्या जागी हिरवा ठिपका लावला. लाल ठिपक्यावर आबा कदाचित परत जाणार नाहीत. चालतंय. "व्हय म्हाराजा!" ला मात्र छप्पर उडालं.

मित्रांनो, घरात कुणाचा आवाज हलका झाला तर नुसतं बटण फिरवू नका. आधी त्या माणसाकडे बघा, विचारा, डॉक्टरकडे न्या. मी कळूनही गप्प बसलो, म्हणून सांगतो.

आणि आबा, तुम्ही मला दोस्त म्हणता, म्हणून हा शब्द. पुढच्या वेळी तुमचा आवाज खाली गेला, तर मी नऊची वाट बघणार नाही. हिरव्या ठिपक्यावरच शिट्टी मारेन. सगळे हसले तरी, परत डब्यात टाकलं तरी.