झाकलेला पट्टा

प्रयोगशाळेतल्या त्या आलेखाचा मधला पट्टा काळा होता. ज्याच्या शोधात सगळे होते ते सापडलंच तर तिथेच सापडणार, म्हणून तो मुद्दाम झाकलेला. आधी कण ओळखायच्या अटी ठरवायच्या, मगच पट्टा उघडायचा. त्याआधी कुणी डोकावलं तर सगळ्या नोंदी बाद. वहिनींची उमेदीची वर्षं त्या नोंदींत गेली होती.

उघडायची वेळ जवळ आली, तसे भाऊजी म्हणाले, “वहिनी, केऑनची अट जरा कडक करू या.”

कण काही दिसत नाही. गॅसमधून धावताना तो उजेडाचं कडं सोडतो, ते दिसतं. सारख्याच संवेगाच्या दोन जातींच्या कणांत लहान कड्याचा केऑन, मोठ्या कड्याचा पायऑन.

“आत्ताच बरं सुचलं?”

“सुचायलाही मुहूर्त लागतो का तुमच्याकडे?”

सख्खा दीर. राहायला एका घरात, कामाला शेजारच्या टेबलावर. पण हल्ली वहिनी जवळ आल्या की भाऊजींच्या स्क्रीनवरची खिडकी पटकन मिटायची. जेवताना नजर चुकवायचे. वहिनींच्या मनात पाल चुकचुकली. हे डोकावले तर नसतील?

कुणाला न सांगता त्यांनी झाकलेल्या पट्ट्यात खोट्या नोंदींचा, नवा कण सापडल्यासारखा भासणारा एक उंचवटा सोडला. डोकावत असतील तर उद्या हर्ष लपायचा नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊजी आले ते पांढरेफटक.

“वहिनी, पट्ट्यात कुणीतरी हात घातलाय. फाइल वाढलीय. बाईंना सांगून आलोय.”

गटप्रमुख बाई मागोमाग आल्याच.

“मीच टाकलं,” वहिनी हळूच म्हणाल्या. “यांची परीक्षा पाहायला. आत पाहिलं मात्र नाही. देवाशपथ.”

“माझा बसेल हो विश्वास,” बाई म्हणाल्या. “बाहेरच्यांचा कसा बसायचा?”

भाऊजींनी आपली स्क्रीन वहिनींकडे फिरवली. गॅसचा दाब उतरला होता, कडी आकसली होती. पायऑन केऑनसारखे दिसू लागले होते. म्हणून कडक अट. शेजारी दुसरी खिडकी उघडी होती: भाड्याच्या खोल्या.

“वेगळं राहायचंय हे दादाला कसं सांगावं कळत नव्हतं,” ते पुटपुटले.

“या नोंदी बाद,” बाई म्हणाल्या. “यंत्र पुन्हा सुरू झालं की नव्या घ्यायच्या. अटी तुमचे दीर ठरवतील. तुम्ही नाही.”

वहिनी जागेवर येऊन बसल्या. थोड्या वेळाने भाऊजी पाणी प्यायला उठले. दोन पावलं गेले, परत फिरले आणि संगणकाला पासवर्ड लावून गेले.