रूळ साफ झाले की

कुंदाताईंनी सुनेला एकदाच बजावलं होतं, तेही मटार सोलता सोलता. "शाल्मली, ह्यांना कधी जा म्हणू नकोस हं. दुसरा माणूस भांडेल, रुसेल, ताट सरकवेल. ह्यांना जा म्हटलं की हे खरंच जातात."

"काहीतरीच तुमचं, आई! बाबांना कोण जा म्हणणार आहे?" शाल्मली हसून म्हणाली, आणि मटाराच्या सालांबरोबर ते बोलणंही तिने टाकून दिलं.

पुढे कुंदाताई गेल्या. चिमी जन्मली. नवऱ्याची, मंदारची, नोकरी राजूरला, कोळशाच्या खाणीत, तो रविवारपुरता घरी. यवतमाळच्या त्या घरात उरले तिघं: शाल्मली, चिमी आणि सासरे मधुसूदनराव.

मधुसूदनराव वीज मंडळातून निवृत्त झालेले. मागच्या खोलीत प्लायच्या फळ्यांवर त्यांनी रेल्वे मांडली होती. खेळणं म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. मॉडेल म्हणायचं. बोटाएवढे डबे, काडेपेटीएवढी स्टेशनं: यवतमाळ, दिग्रस, पुसद आणि शेवटी त्यांचं गाव, उमरखेड. "सरकारची गाडी उमरखेडला लागेल तेव्हा लागो," ते म्हणायचे, "आपली लागली." रूळ फेविकॉलने चिकटवलेले, त्यांच्यामध्ये चहाच्या गाळणीने चाळलेली बारीक गिट्टी, तिच्यावर पुन्हा पातळ फेविकॉल. वाळल्यावर सगळं दगडासारखं घट्ट.

तरी एक खडा सुटला. तो चिमीच्या घशात गेला.

शाल्मलीने पोरीला मांडीवर पालथं घालून पाठीत धपाटे घातले, तेव्हा तो बाहेर पडला. निळी पडलेली चिमी मग रडली. त्या दिवसापासून ती फरशीकडे बघत चालायला लागली. रविवारी तिने मंदारला सांगितलं, "ती खोली रिकामी झाली पाहिजे. मला दुसरं काही सुचत नाही."

मंदारने जेवतानाच विषय काढला. "बाबा, उमरखेडच्या दोन्ही खोल्या भाडेकरूने सोडल्यात. रूळ तिकडे न्या ना. ऐसपैस मांडता येतील."

"रूळ, की मी पण?"

"तुम्ही पण. म्हणजे, तुम्हालाच बरं पडेल."

मधुसूदनरावांनी भात कालवला. "चालेल. रूळ साफ झाले की जातो."

 शाल्मली चिमीला भरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. ते फळीवर कोमट पाणी शिंपडत, फेविकॉल सायीसारखा पांढरा होईपर्यंत थांबत, मग रुळाखाली पातळ पत्ती सारून तुकडा अलगद उचलत. तुकडे टबात भिजत. जुन्या टूथब्रशने गिट्टी घासायची, सांध्यातला चिकटा सुईने काढायचा, वरून स्पिरिटचा बोळा. "गरम पाणी नाही हं," ते चिमीला सांगत. "रुळाखालच्या पट्ट्या, हे प्लॅस्टिकचे स्लीपर, वाकतात, मग गाडी पडते." चिमी उंबऱ्यातून बघायची. शाल्मली चिमीकडे बघायची, आणि टबाकडे. एवढ्याशा पाण्यातही लेकरू जातं, हे तिने वाचलं होतं.

आठवडे गेले. टब काही हलेना.

चिमीला दात येत होते तेव्हा तिने एका सुट्या, वळणाच्या तुकड्याचे स्लीपर चावले होते. दातांच्या खुणा होत्या त्यावर. तो तुकडा स्वच्छ होऊन वर्तमानपत्रावर वाळत पडलेला शाल्मलीने पाहिला होता. काही दिवसांनी तोच तुकडा पुन्हा टबात, गिट्टीने माखलेला. तिला वाटलं, आपलाच घोळ झाला असेल.

एका दुपारी चिमी झोपल्यावर ती दारापर्यंत गेली. मधुसूदनराव स्वच्छ रुळावर ब्रशने फेविकॉल लावत होते. वरून गाळणीने गिट्टी पेरत होते, सावकाश, कुठे सुटू नये अशी.

ती पावलं न वाजवता मागे फिरली.

फोनवर मंदारला सांगताना तिला हसू आलं. ते कसलं होतं, तिचं तिलाच कळलं नाही. रविवारी मंदार खोलीत डोकावला. "काय बाबा, रोजगार हमी काढली का? खड्डा खणा, खड्डा बुजवा!"

मधुसूदनराव पण हसले, खूप हसले. मग स्लीपरवरून बोट फिरवत म्हणाले, "हजेरी तर लागते ना."

त्या संध्याकाळी शाल्मली चहा घेऊन गेली. टबात सगळे रूळ एकदम भिजत होते. ओठावर शब्द होता: नका जाऊ. पण टबातलं पाणी हललं, तिला चिमी आठवली, आणि तोंडून निघालं, "बाबा, घाई नाही हं काही."

"नाही नाही," ते म्हणाले. "आता कसली घाई."

सकाळी भांडी घासायला आलेली लालीबाई दारातूनच ओरडली, "वहिनी, काका तं पिशवी घिऊन स्टँडकडे चालले व! तुमाले सांगून नाई गेले?"

मागच्या खोलीत टब पालथा घातलेला होता. फरशी कोरडी, पुसलेली. एक खडासुद्धा नव्हता. शाल्मली गुडघ्यांवर रांगत शोधत राहिली, की एखादा तरी सापडावा.

उमरखेडला त्यांनी नवा टब घेतला, आणि तिथून रोज त्यांचा फोन यायचा. "काम चालू आहे," एवढंच सांगायचे. या आठवड्यात फोन आला नाही. तिने लावला की नुसता वाजत राहतो. मंदार म्हणतो, रेंज नसेल, रविवारी जाऊन येतो. चिमी तापाने फणफणलीय, तिला कडेवर घेऊन बसमध्ये चढायची शाल्मलीची छाती होत नाही. शेजारपाजारचं तिथे कोणी ओळखीचं राहिलं नाही.

म्हणून ती तुम्हालाच विनवतेय. तुम्ही उमरखेडचे असाल, किंवा एसटी तिथे दहा मिनिटं थांबणार असेल, तर स्टँडच्या मागच्या गल्लीत जा. निळं दार आहे. जोरात वाजवा. बाबा म्हणतील, सगळं ठीक आहे. त्यावर जाऊ नका, आत जाऊन टब बघा. त्यात पाणी आहे का, कोमट आहे का, ते हात घालून बघा. रूळ साफ झाले का, असं मात्र विचारू नका. शाल्मलीने घरी बोलावलंय, एवढंच सांगा. आणि दार उघडलं नाही, तर तिथून हलू नका. कोणाला तरी हाक मारा.