फाटलं की फाडलं

निकालात माझ्या नंबरापुढे ‘गैरहजर’ असं छापलं होतं. गैरहजर! तीन तास मान मोडून अठ्ठावीस पानं लिहिली, दोन पुरवण्या घेतल्या, बोटाला घट्टा पडला, आणि म्हणे गैरहजर. तेही कुठल्या पेपराला? ‘संकटकाळातील जनसंपर्क’. हसावं की रडावं तेच कळेना.

तो गुरुवार होता. सोमवारी मला एका मोठ्या कंपनीच्या जनसंपर्क विभागात रुजू व्हायचं होतं आणि त्यांच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, गुणपत्रिका आणली नाही तर जागा दुसऱ्याला. कंपनीची अब्रू कशी सांभाळायची हे शिकण्यात मी विद्यापीठात दोन वर्षं घातली होती. आई त्याला ‘तोंडदेखलं बोलायची पदवी’ म्हणायची.

आई शिवणकाम करते. कोणी फाटका कपडा घेऊन आलं की चष्म्यावरून बघत तिचा एकच प्रश्न असतो, “फाटलं की फाडलं?” लोकांना वाटतं बाई खोचक आहे. तसं नाही. कापड विरून आपोआप फाटलं असेल तर आतून ठिगळ लावावं लागतं, धडधाकट कापड खिळ्याला अडकवून फाडलं असेल तर रफू पुरतो. “खरं सांगितलं नाही तर माझा टाका टिकत नाही,” म्हणते. लहानपणी मी कपाचे तुकडे घेऊन “फुटला” म्हणत गेले की आधी पाठीत धपाटा आणि मग, “फुटला नाही, फोडलास. म्हण!”

आमच्या विभागप्रमुख सरांचं शिकवणं बरोबर उलटं. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे, ‘केलं’ नव्हे, ‘झालं’. “निवेदनात कर्ता दिसला की लोक त्याची मानगूट धरतात. क्रियापद असं निवडा की कर्ता लागतच नाही.” या एका कलेत मी अख्ख्या वर्गात पहिली होते.

तर गुरुवारी मी परीक्षा विभागाच्या खिडक्या पालथ्या घातल्या. तीन नंबरची बाई म्हणाली, अर्ज करा. अर्ज केला तर म्हणाली, चार नंबरला द्या. चार नंबरवाला अर्जाकडे न बघताच म्हणाला, “तुम्ही हजर होता याला पुरावा काय?”

“अहो, ही काय तुमच्या पुढ्यात उभी आहे!”

“ते आज. मी परीक्षेच्या दिवसाचं विचारतोय.”

असं वाटलं, त्याची ती खिडकी त्याच्या नाकावर आपटावी. आपटली नाही. तळमजल्यावर अभिलेख कक्षात गेले, कारण तिथे चावीकाका होते. उत्तरपत्रिकांची सगळी लोखंडी कपाटं त्यांच्या ताब्यात. निवृत्तीला सात महिने राहिलेले, उजवा गुडघा धरलेला, आणि हातात तो वीतभर चाव्यांचा जुडगा. एरवी तो कोटाच्या खिशात असायचा, पण कोट आईकडे दुरुस्तीला होता. “खिसा फाटला की फाडला?” असं आईने विचारलं तेव्हा ते हसून म्हणाले होते, “चाव्यांनी फाडला, वहिनी. म्हणजे मीच की!”

काकांनी माझं ऐकून घेतलं आणि नोंदवही काढली. “हे बघ. बेचाळीस पेपर सरांनी तपासायला घरी नेले, ही त्यांची सही. एक्केचाळीस परत आले, ही सही. शेजारी मी लाल शाईने लिहिलंय, एक कमी. तेव्हाच त्यांना सांगितलं होतं. म्हणाले, बघतो.” वही मिटून ते म्हणाले, “तू घाबरू नकोस पोरी. लागलं तर मी येतो वर, साक्षीला.”

मी म्हटलं, गुडघा दुखतोय, नका जिने चढू. आणि एकटीच वर गेले.

सर अगदी शांत होते. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. “घरात कुठेतरी असेल, नाहीतर गाडीत. शोधलं, सापडत नाही.” एवढंच. मग पुढे सरकून म्हणाले, “विद्यार्थ्यांच्या वार्तापत्राला कुणकुण लागली आहे. कुलगुरूंना पाच वाजेपर्यंत निवेदन हवंय. तू लिही. तुझ्याइतकं नेटकं कोणी लिहीत नाही. बाकीच्या पेपरांच्या सरासरीने तुला गुण देऊ, उद्या गुणपत्रिका तुझ्या हातात.”

लोकां सांगे ब्रह्मज्ञान! तळपायाची आग मस्तकात गेली. माझा पेपर यांनी हरवायचा आणि तो हरवल्याचं निवेदनही मीच लिहायचं. तोंडावर सांगावंसं वाटलं, घोळ तुमचा, तुम्हीच निस्तरा. पण सोमवार डोळ्यांसमोरून हलेना. मी पेन काढलं.

‘हाताळणीदरम्यान एक उत्तरपत्रिका गहाळ झाल्याचे निदर्शनास आले आहे. संबंधित विद्यार्थिनीस नियमानुसार सरासरी गुण देण्यात येत आहेत.’ कर्ता कुठेच नाही. इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण शेवटी काहीतरी सुधारणा दाखवल्याशिवाय निवेदन लंगडं वाटतं, म्हणून मी आणखी एक ओळ घातली, ‘अभिलेख कक्षाच्या कार्यपद्धतीत आवश्यक ते बदल करण्यात येत आहेत.’ ती ओळ सरांनी सांगितली नव्हती. ती माझी.

सरांनी ती दोनदा वाचली. “वा! हे मला सुचलंच नव्हतं.”

सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला बरं वाटलं.

सोमवारी मी रुजू झाले. टेबल मिळालं, गळ्यात ओळखपत्र आलं. पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी आई म्हणाली, “चावीकाका कोट न्यायला आले नाहीत गं. आजारी आहेत का?”

मला वर्गातल्या मैत्रिणीकडून आदल्या दिवशीच कळलं होतं. मी बूट काढता काढता म्हटलं, “त्यांची बदली झाली. गावाबाहेरच्या गोदामात.”

आईने दाताने दोरा तोडला. “सात महिने राहिलेल्या माणसाची? झाली की केली?”

मी बूट काढतच राहिले. एका बुटाला किती वेळ लागतो? आईला माझं गप्प बसणं लहानपणापासून ओळखीचं आहे. “बोल,” ती म्हणाली. मग मी बोलले, शेवटच्या ओळीसकट. तिने शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. तिने कोटाची घडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

“शनिवारी तुला अर्धा दिवस असतो. नेऊन दे. आणि कागदबिगद लिहीत बसू नकोस. तोंडाने सांग.”

दोन बस बदलून गेले. गोदाम म्हणजे मोडक्या बाकांचा ढीग, एक पंखा आणि एक स्टूल. काका दुखरा पाय लांब करून बसले होते. मला बघून धडपडत उठले.

“गुण मिळाले ना? नोकरी?”

“मिळाली.”

“मग बास! मला तुझाच घोर लागला होता. दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी वर गेलो होतो, जिने चढून. पण म्हणाले, आता काय उपयोग, चूक कक्षाची आहे असं छापून आलंय.” त्यांनी कोट अंगात घातला, खिशात हात घालून कोपऱ्यापर्यंत चाचपला. “काय दणकट केलाय वहिनींनी! आता आत टाकायला चाव्या नाहीत, एवढंच.” आणि माझा चेहरा बघून माझीच समजूत काढत म्हणाले, “जाऊ दे पोरी. तुझ्यावरही अन्यायच झाला होता. झालं ते झालं.”

सुटले असते मी. नुसती मान हलवली असती तर पुढची बस मिळत होती.

“झालं नाही, काका. केलं. मी केलं. ते कक्षाचं वाक्य सरांचं नाही, माझं आहे. मला कोणी सांगितलंही नव्हतं. निवेदन चांगलं दिसावं म्हणून मी घातलं.”

काकांचा हात खिशातच राहिला. ते माझ्याकडे बघत होते आणि मी वाट बघत होते, की ते पुन्हा एकदा ‘जाऊ दे’ म्हणतील. पंखा कुरकुरत होता. त्यांनी कोट काढला, आईने घातली होती तशीच घडी घातली आणि तो एका मोडक्या बाकावर ठेवला.

“तुझी बस सुटेल,” ते म्हणाले.