बिनझाकणाचा कॅमेरा

शिवांजलीनं कॅमेरा घ्यायचाच असं ठरवलं ते शेंगा तोडताना. सत्त्याण्णव साल, दसरा चार दिवसांवर आलेला, कॉलेजला सुट्टी लागली म्हणून ती सांगलीहून उंब्रजला घरी आलेली, आणि तिचा थोरला भाऊ जयराज मिल्ट्रीतनं रजेवर आलेला, म्हणजे घर कसं भरल्यासारखं. तर अंगणात भुईमुगाच्या वेलांचा हा एवढा ढीग, आई आणि ती दोघी शेंगा तोडत बसलेल्या, आणि हिनं सहज विचारलं, "आये, बाबा हसायचं कसं गं?"

आईचा, मनुबाईचा, हात थांबला. "कसं म्हंजे? माणूस हसतंय तसं हसायचं."

"तसं न्हाई. आवाज करून, का तोंडातल्या तोंडात?"

"लय वर्सं झाली बाई," असं म्हणून आईनं पुढचा वेल ओढला आणि माती झटकली. संपला विषय.

आता खरं तर ह्यात आईची काही चूक नव्हती. आप्पासो, म्हणजे बाबा, गेले तेव्हा शिवांजली चार वर्षांची होती आणि जयराज बारा. ते पण पलटणीतलेच. त्यांचा घरात फोटो एकच, तोही ओळखपत्रावरचा, टिकलीएवढा, कराडच्या एका फोटोवाल्यानं मोठा करून दिलेला. मोठा करताना त्यानं आपल्या मनानं कोट रंगवला, मिशी काळी केली, डोळ्यांत एकेक पांढरा ठिपका दिला. ओठ घट्ट मिटलेले, नजर सरळ. पंधरा वर्षं शिवांजली त्या फोटोला रोज उदबत्ती लावत होती, पण खरं सांगायचं तर त्या फ्रेममध्ये दुसरं कुणी असतं तरी तिला कळलं नसतं.

आणि त्याच वेळी जयराज गोठ्यात, बनियनवर, म्हशीच्या पाठीवर बादली ओतत कसलं तरी गाणं बेसूर ओरडत होता. शिवांजली त्याच्याकडं बघत राहिली. ह्याचे तरी आपल्याकडं फोटो कसले आहेत? भरतीचा एक, ट्रेनिंगचा एक, सोयरिकीसाठी काढलेला एक. तिन्हीत ओठ मिटलेले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हा चालला, ते वर्षभर.

"दादा, मला कॅमेरा घ्यायचाय," ती म्हणाली.

"घे की. इमान बी घे एक, उडायचं."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी तोच आधी तयार. शिष्यवृत्तीतले तिचे आठशे, वर त्याचे पाचशे, झाले तेराशे, त्याच्यावर एक रुपया नाही असं ठरवून दोघं यष्टीत बसले. बसले म्हणजे इस्लामपूरपर्यंत उभेच होते.

दुकान सांगलीतच, विश्रामबागला. शिवांजली रोज कॉलेजला जाताना त्या काचेपुढं एक मिनिट थांबायचीच, त्यामुळं मालकाला, अवधूतला, ती तोंडओळखीची. अवधूत तिशीचा, बोलका, गिऱ्हाईक बसायच्या आत चहा सांगणारा.

"कशासाठी पाहिजे ताई? लग्नकार्य, ट्रिप?"

"घरात काढायला. माणूस बेसावध असताना."

अवधूतनं जयराजकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघताय," जयराज म्हणाला, "मीच त्यो माणूस."

"आधी कधी वापरलाय?"

"न्हाई," शिवांजली म्हणाली. "म्हणून तर सोपा द्या. दाबला की निघाला पाहिजे."

मग अवधूतनं काउंटरवर दोन ठेवले. दोन्ही काळे, दोन्हींना फ्लॅश, दोन्हींत काहीच फिरवायचं-बिरवायचं नाही. फरक एवढाच की एकाच्या काचेपुढं सरकतं झाकण होतं, पापणीसारखं. बोटानं सरकवलं की डोळा उघडायचा, काम झालं की मिटायचा. तो साडेचौदाशे. दुसरा उघड्या डोळ्याचा, तो साडेअकराशे.

"झाकणाचा घ्या," अवधूत म्हणाला, "काच सुरक्षित राहते."

"झाकणासाठी तीनशे?" जयराजनं तो उलटासुलटा करून बघितला. "आवं, आमच्या पिपाला पत्र्याचं झाकण करून घेतलं, त्याला बी एवढं पडलं न्हाई."

शिवांजलीचा जीव झाकणात अडकलेला. पण हिशेब उघड होता, साडेअकराशेचा घेतला तर उरलेल्यात छत्तीस फोटोंचा रोल यायचा, आणि रोल नसला तर कॅमेरा काय उशाला घ्यायचा? उघड्या डोळ्याचा ठरला.

अवधूतनं रोल घालून दिला आणि सूचना सांगितल्या, शिवांजलीनं त्या तळहातावर पेनानं लिहून घेतल्या. चार हात लांब उभं राहायचं. ऊन पाठीशी. मागचं दार रोल संपेपर्यंत उघडायचं नाही. "आणि एक लक्षात ठेवा ताई, तुम्ही बघणार ह्या वरच्या खिडकीतनं, आणि कॅमेरा बघणार ह्या खालच्या काचेतनं. तुम्हाला दिसलं म्हणजे त्याला दिसलंच असं नाही." हे शेवटचं तेवढं तिनं लिहिलं नाही. तळहात भरला होता.

एवढ्यात जयराजचं लक्ष मागच्या कपाटाकडं गेलं. "त्यो रूपेरी केवढ्याचा?"

"तो विकायचा नाही हो. मेव्हण्यानं दुबईहून आणलाय. डिजिटल. ह्याला रोलच नाही. काढला की मागं लगेच दिसतो."

"आन विकायचा असता तर?"

"चाळीसच्या पुढं."

"चाळीस..." जयराजनं जरा वाट बघितली. "हजार? मालक, तीन म्हशी येत्यात की. आन त्या दूध बी देत्यात."

आणि आपल्याच बोलण्यावर तो असा काही हसला की चहावाला पोऱ्या पण थबकला. मान मागं टाकून, एक हात मानेवर ठेवून, सगळं अंग हलवत. अवधूतनं हळूच तो रूपेरी कॅमेरा उचलला आणि बटण दाबलं. मग पाठीमागची काचेची चौकट, काडेपेटीएवढी, त्यानं शिवांजलीपुढं धरली.

तिला पाहिजे होता तो दादा त्यात होता. अगदी तोच.

"हाच द्या की मला. कागदावर," ती कशीबशी म्हणाली.

"त्याला कॉम्प्युटर लागतो ताई, आणि तो पुण्याला मेव्हण्याकडं. शिवाय ह्यात जागा मोजून आठ फोटोंची," म्हणत अवधूतनं अंगठा दाबला, आणि तिनं "थांबा" म्हणेपर्यंत चौकट काळी.

येताना जयराजनं उरलेल्या पैशाचं भडंग घेतलं आणि इस्लामपूरला संपवलं. शिवांजलीनं पिशवी छातीशी धरलेली. एवढंच काढायचंय, ती स्वतःला सांगत होती, दुकानदाराला जमलं ते मला का जमू नये? तिच्याकडं छत्तीस होते.

घरी आल्या आल्या आईचा हुकूम निघाला. "नवी वस्तू पुजल्याबिगर वापरायची न्हाई. परवा खंडेनवमी हाय." झालं. दोन दिवस कॅमेरा देव्हाऱ्याखाली आणि शिवांजली त्याच्यापुढं घिरट्या घालत.

खंडेनवमीला आईनं पाटावर सगळी हत्यारं मांडली. विळे, खुरपी, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, जयराजच्या वर्दीचा पट्टा, शिवांजलीची कंपासपेटी, आणि शेवटी कॅमेरा. वाटीत कालवलेली ओली हळद, दुसरीत कुंकू. आई एकेकाला बोट लावत चालली. आता मनुबाईचं एक होतं, गाय असो, माणूस असो, मोटारीचा स्टार्टर असो, हळदकुंकू लावायचं म्हणजे आधी कपाळ शोधायचं. कॅमेऱ्याचं कपाळ तिला मधोमध सापडलं. गोल, चकचकीत. तिथं तिनं मनापासून बोट टेकवलं.

"आये, त्यो डोळा हाय त्याचा!"

"मग बरंच हाय की. दिष्ट लागायची न्हाई." आणि वर कुंकू.

शिवांजली पुसायला धावली तर आईनं हात धरला. "लावल्यालं पुसत न्हाईत." ह्याच्यापुढं त्या घरात बोलायची सोय नव्हती. जयराज पट्ट्यावरच्या कुंकवाकडं बघत म्हणाला, "मी ह्यो असाच घालून गेलो तर साहेब मलाच पुजंल."

तरी दसऱ्याला पहाटे तिनं गुपचूप ओढणीच्या टोकानं काच पुसली. कुंकू निघालं, हळद निघाली, ओढणी पिवळी झाली. वरच्या खिडकीतनं बघितलं तर गोठा, तुळस, म्हशीचं शिंगसुद्धा लख्ख. मग काय, निघाली की फोटो काढत.

पण जयराजची गंमत अशी की कॅमेरा दिसला की तो दगड व्हायचा. छाती पुढं, हनुवटी वर, ओठ बंद.

"दादा, सावधान नको करू रं."

"मी काय केलं? उभाच हाय."

"तेच नको करू. बस, जेव, काय बी कर."

तर हा मांडी घालून सावधान बसला. अशात तिचे पंचवीसेक फोटो गेले. अंगठ्याखालचा आकडा पुढं सरकत होता आणि तिचा जीव वरखाली होत होता. मग संध्याकाळी शेजारचा गुंडा सोनं द्यायला आला. आपट्याची दोन पानं जयराजच्या हातावर ठेवून अगदी गंभीर तोंडानं म्हणाला, "जया, ठेव जपून. पोरगी कोण देत न्हाई तुला, हुंडा तूच द्यायचा हायस."

आणि जयराज हसला. तसाच. शिवांजली पायरीवर होती, ऊन पाठीशी होतं, चार हातांचं अंतर होतं. तिनं दाबलं. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबताना तिला स्वतःलाच रडू येईल असं वाटलं, इतकं बरोबर झालं होतं.

दुसऱ्या दिवशी उंब्रजच्या थांब्यावर पुण्याच्या गाडीत तो चढला. शेवटचा, छत्तिसावा, खिडकीतला. त्यातही त्यानं ओठ मिटलेच.

सुट्टी संपल्यावर शिवांजलीनं रोल अवधूतकडं दिला. चार दिवसांनी पाकीट घ्यायला गेली तर त्यानं चहा सांगितला नाही. नुसतं पाकीट सरकवलं.

तिनं पहिला काढला, दुसरा काढला, मग सगळेच काउंटरवर पसरले. छत्तीसच्या छत्तीस पिवळे. म्हणजे हळदीच्या पाण्यात डोळे उघडून बघितल्यावर दिसेल तसं जग. कडा विरघळलेल्या, चेहरे पुसट, नाक कुठं संपलं आणि गाल कुठं सुरू झाला पत्ता नाही.

"कॅमेरा बघू," अवधूत म्हणाला. तिनं दिला. त्यानं काच उजेडात तिरकी धरली, बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. "हळद. पुसली होती का कशानं?"

"ओढणीनं."

"पसरली मग. पातळ थर बसला. वरच्या खिडकीतनं कळणार नाही तुम्हाला."

तिनं फोटो गोळा केले. मग म्हणाली, "तुमच्या त्या रूपेरीतला... म्हशींवरनं हसला होता बघा..."

"ताई, तो तर तुमच्यासमोरच पुसला."

शनिवारी ती घरी गेली. पाकीट दप्तराच्या तळाशी. दाखवणारच नव्हती, पण आईनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "फोटू आलं?" आणि हिच्यानं खोटं बोलवेना.

"तुझ्या हळदीनं वाटोळं झालं सगळ्याचं," म्हणत तिनं पाकीट पुढं टाकलं.

मनुबाईनं हात पदराला पुसले, दारातल्या उजेडाला बसली आणि एकेक फोटो लांब धरून बघायला लागली. सावधान उभा जयराज, सावधान बसलेला जयराज, पिवळी म्हैस, पिवळी तुळस. शिवांजली भाकरी चिवडत बसलेली. मग एका फोटोवर आई थांबली. बराच वेळ थांबली. तिनं तो जवळ घेतला, पुन्हा लांब धरला.

"ह्यो कवाचा?"

"दसऱ्याचा. गुंडा आल्ता तवाचा. दादा हाय त्यो."

"व्हय, जयाच हाय," आई म्हणाली, पण नजर काढेना. "तू इचारलं हुतंस न्हवं?"

"काय?"

"तुझं बाबा कसं हसायचं म्हून." तिनं फोटो शिवांजलीपुढं धरला. "असं हसायचं. ह्ये असं. मान मागं आन हात मानंवर. मला तोंडानं सांगता येईना. भावकीतल्या म्हाद्याच्या लग्नात असंच हसलं हुतं, मांडवाचा खांब धरून बसावं लागलं त्यास्नी."

शिवांजलीनं फोटो हातात घेतला. जयराजचं नाक त्यात नव्हतं, त्याची मिशी नव्हती, गालावरचा तीळ नव्हता. हळदीनं सगळं पुसून टाकलेलं. राहिली होती ती नुसती मागं गेलेली मान, वर गेलेला हात आणि पांढरे दात. तिनं भिंतीवरच्या फ्रेमकडं बघितलं, रंगवलेला कोट, मिटलेले ओठ, आणि परत हातातल्या फोटोकडं. आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा तिला त्या कोटातला माणूस हलल्यासारखा वाटला.

"आवाज करून का?" तिनं हळूच विचारलं.

"लय," आई म्हणाली. "म्हशी बिचकायच्या."

सोमवारी ती कॉलेजच्या आधी दुकानात. अवधूतनं तिला बघून घाईनं मऊ कापड काढलं. "ताई, काच मी साफ करून देतो, पैसे नकोत."

"ते नंतर. आधी ह्यो मोठा करून द्या. भिंतीवर लावायचा, फ्रेमएवढा."

त्यानं फोटो उलटसुलट बघितला. "अहो, हा मोठा करण्यासारखा नाही. आधीच धूसर, आणखी विस्कटेल. कोण आहे तेसुद्धा कळत नाहीये ह्यात."

"आमाला कळतंय."

अवधूतनं तिच्याकडं एकदा बघितलं, मग वाद न घालता पावतीपुस्तक ओढलं. "नाव काय घालू?"

"जयराज आप्पासो," शिवांजली म्हणाली, आणि एवढ्यावरच थांबली; फोटोत होती ती दोन्ही नावं सांगून झाली होती. अवधूत आडनावासाठी पेन धरून वाट बघत राहिला.